टाकीकडची तुळई

४ मार्च

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. दोन वर्षं ज्याला माझं काहीच नकोय, त्याला आशीर्वाद पाठवून पोस्टमनचे पाय कशाला दुखवायचे? कामाचं तेवढं लिहिते.

तुझी मोठी करवत, दोन रंधे आणि पटाशांची पिशवी वखारीत अजून तशीच टांगलेली आहे. करवतीवर गंज दिसायला लागला म्हणून परवा तिला तेल चोळलं. तुझ्यावरच्या मायेनं नव्हे, मला गंज बघवत नाही म्हणून. घेऊन जा, नाहीतर कुणाला तरी पाठव.

सध्या आम्ही एका वकिलाचं घर उकलतोय. वकील गेला, मुलांनी घर विकून टाकलं, घेणाऱ्याला तिथे सहा मजले चढवायचेत. दारं, खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या, फरशी, सगळं आपल्याकडे येणार. तुला आठवत असेल, घर उकलायला लागलं की आधी सामान निघत नाही, आधी वास निघतो. न्हाणीघराची फरशी उचलली तर खाली मोरीच्या तोंडाशी केसांचा एवढा बोळा, त्यावर साबणाचा पांढरा थर, आणि त्यात तीन पिढ्यांचे केस. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट लावलं तर बोट चिकटून बसलं. आणि कपाट सरकवलं तर मागे नखांचा ढीग! वकीलसाहेब नखं कापून कपाटामागे टाकत असत. अख्ख्या गावाला कायदा शिकवणारा माणूस. हमाल हसत होते, मला मळमळत होतं. तीस वर्षं झाली या धंद्यात, अजून मळमळतं.

आणि मग हेच सामान धुऊनपुसून आपल्या अंगणात आलं, की गाड्यांतून माणसं उतरतात आणि त्यावरून हात फिरवतात. 'किती जिवंत वाटतंय नाही!' काल एक बाई त्या न्हाणीघराचं दार घेऊन गेली. आडवं टाकून त्याचं जेवणाचं टेबल करणार म्हणे. आतल्या बाजूला कडीच्या खाली वकिलाच्या घरच्यांनी चाळीस वर्षं ओले हात पुसलेत, त्या डागावर बोट ठेवून म्हणाली, 'हा रंग तर नवीन लाकडाला येतच नाही.' मी म्हटलं, नाही येत बाई. येणार कुठून.

हे पत्र बाबांच्या टेबलावर बसून लिहितेय. त्याचा डावा पाय आखूड होता, आठवतं? त्याखाली मी लाकडाची एक चकती सारलीय. आता डुगडुगत नाही.

एका लाकडापायी तू चालता झालास. बरं, झालास तर झालास. त्यानंतरही त्याच महिन्यात मी तुझ्या घरासाठी तुळई पाठवली ना? तुझी नवी खोली अडली होती म्हणून, चांगली निवडून, स्वतः उभी राहून गाडीत चढवली. ती पोचली एवढं तरी कळवायचं होतंस. तेवढी माणुसकी हमालही दाखवतात.

हत्यारं घेऊन जा.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही, म्हणजे घरात कुठेतरी पडलंय एवढं मी समजते.

आज मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. माझे दात धड आहेत, चावायला अजून उपयोगी पडतात. त्याच्या घरी गेले होते. दोन वर्षांपूर्वी त्यानं आपल्याकडून एक तुळई नेली होती. आता त्याला वकिलाची फरशी हवी आहे, आणि बायको म्हणाली, 'तुम्ही एकदा येऊन घर बघाच, तुमच्याच तुळईनं शोभा आलीय.'

शोभा! बाहेरच्या खोलीच्या मधोमध तुळई, मेण घासून चमकवलेली, आणि तिच्या खालून दिवे लावलेत. लाकडाला दिवे. बाबा असते तर त्यांनी वीज मंडळाला फोन केला असता. डॉक्टर आला की प्रत्येक पाहुण्याला तिच्याखाली उभं करतो आणि मान वर करायला लावतो. सवयच आहे त्याला. मलाही केलं.

मी मान वर केली. वर फळ्यांची जमीन होती. तिच्यावर कुणीतरी धावत होतं.

'वर काय आहे?' मी विचारलं.

'मुलीची खोली,' बायको म्हणाली. 'दिवसभर नुसत्या उड्या. सहा वर्षांची आहे, पण पाय बघा कसे आपटते ते.'

चहा आला. बशी उचलली तर खाली टेबलावर बशीएवढा स्वच्छ गोल उमटला. बाकी टेबलावर पिवळसर भुकटी होती, पिठासारखी. बायकोनं फडकं मारलं आणि हसून म्हणाली, 'रोज सकाळी पुसते, रोज संध्याकाळी परत. रस्त्याची धूळ हो.'

रस्त्याची धूळ पिवळी नसते. तुला सांगायला नको.

मी बिस्कीट खाल्लं. दुसरं घ्या म्हणाली, तर दुसरंही खाल्लं. फरशीची मापं लिहून घेतली, 'छान ठेवलंय घर' म्हटलं आणि चपला घालून निघाले. कोपऱ्यावर येऊन दोन्ही बिस्किटं गटारात ओकले. एक मुलगी डोक्यावर उड्या मारतेय आणि आपण खाली बसून बिस्कीट खातोय, अशी माणसं असतात हे मला माहीत होतं. ती अशी निळ्या साडीत, माझ्याच चपला घालून हिंडत असतील असं वाटलं नव्हतं.

तुला कळलंच असेल ती कुठली तुळई. तू लाल मेणखडूनं फुली मारलेली. जुळ्यातली.

त्यांनी तेव्हा शोभेची म्हणून मागितली होती, हे मात्र लक्षात घे. नुसती शोभेची. भार येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

परवाच्या पत्रात शेवटी मी खोटं लिहिलं. पाकीट पेटीत पडलं तेव्हाच हात आत घालून काढावंसं वाटत होतं. पोस्टाच्या पेटीत हात घालणारी म्हातारी बघून लोक जमले असते, म्हणून राहिलं.

भार येणार हे मला माहीत होतं. त्याच्या गवंड्यानं माझ्या तोंडावर विचारलं होतं, 'बाई, वर खोली येणार आहे. घेईल ना भार?' आणि मी कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, 'तुमच्या नातवापर्यंत घेईल.' हे वाक्य मी दोन वर्षं गिळून बसले होते. आता आठवलं की माझंच तोंड मला खरकटं वाटतं.

सगळं सांगते. तुला अर्धं माहीतच आहे, तरी सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू?

शाळेच्या त्या जुन्या इमारतीतून दोन तुळया निघाल्या. अठरा फुटी, सरळसोट, एकाच झाडाच्या म्हणाव्यात इतक्या सारख्या. हमालांनी त्यांचं नाव जुळी ठेवलं. त्यातली एक तुला घरासाठी हवी होती आणि मी हो म्हटलं होतं. मग तू हातोडीच्या पाठीनं दोन्ही ठोकत गेलास. एक टणटण बोलली. दुसरी मधोमध बोलायची थांबली. वरच्या मुतारीचं पाणी वर्षानुवर्षं तिच्या पोटात मुरलं होतं. वरून बघावं तर कुठे ओरखडा नाही, आत सगळा भुसा. तू तिच्या टोकाला फुली मारलीस आणि म्हणालास, 'आजच्या आज तुकडे कर.'

बाबांचा नियम मलाही पाठ होता. मेलेलं लाकूड आधी आखूड करायचं. दोन हातांहून लांब ठेवायचं नाही, म्हणजे कुणी कितीही गोड बोललं तरी ते छपराखाली जाणार नाही, चुलीत जाईल नाहीतर बसायला होईल. सगळं मान्य. पण तू चार हमालांसमोर मला हुकूम सोडलास. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तुझं नाक मी पुसलेलं, आणि तू मला 'आजच्या आज' म्हणतोस! मी म्हटलं, बघू. तू म्हणालास, 'आज कापली नाहीस तर मी उद्या येत नाही.' मी म्हटलं, नको येऊस.

बस्स, एवढंच. तुझं-माझं वैर एवढ्यावर उभं आहे. लिहून काढलं तर चार ओळी भरत नाहीत.

आठवड्यानं दाताचा डॉक्टर आला. त्याला अठरा फुटी एकच तुळई हवी होती, आणि माझ्याकडे धड अशी एकच होती. ती त्याला दिली असती तर तुझ्यासाठी काय उरलं असतं? तुझी खोली तर अडली होती. मग मी काय केलं ते ऐक. फुलीचं टोक करवतीनं चकती काढून उडवलं. दोघी सारख्या दिसाव्यात म्हणून दुसरीचीही तेवढीच चकती काढली. दोन्ही लाकडी घोड्यांवर ठेवून पॉलिशवाल्याच्या ताब्यात दिल्या. पाण्याच्या टाकीकडची ती कुजकी, एवढं मनात पक्कं धरलं. निघताना ठोकून बघितल्या नाहीत. ठोकलं असतं तर वखारीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं असतं, आणि आपल्याकडे झाडूवालीलाही त्या आवाजाचा अर्थ कळतो. हमालांना म्हटलं, टाकीकडची डॉक्टरकडे, दुसरी भावाकडे.

चांगली तुला मिळावी म्हणून कुजकी त्याला दिली. यात माझे उपकार मान असं म्हणत नाही. उलट हे आठवलं की जास्तच किळस येते. चोरानं देवळातल्या पेटीत दोन नाणी टाकावीत तशी माझी माया.

आणि त्या डॉक्टरचा मला रागच होता. 'थोडी अजून जुनाट दिसेल असं करता येईल का?' म्हणून विचारणारा माणूस! वाटलं, तुला जुनाटच हवंय ना, घे. वरून धड, आतून किडलेली दाढ मी दाताच्या डॉक्टरला विकली, असं म्हणून मी एकटीच हसलेही होते. इथेच, याच टेबलावर.

टेबलाखालची चकती म्हणजे तेच टोक. फुली जमिनीकडे करून घातलीय.

काय करू ते सांग. नाही, सांगू नकोस. काय करायचं ते मला माहीत आहे, फक्त पाय उचलत नाही. तोंड उघडलं तर वखार गेली. बाबांनी लावलेली पाटी उतरवावी लागेल. आणि नाही उघडलं तर रोज सकाळी ती बाई भुकटी पुसणार.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

सांगितलं.

तेवीस तारखेलाच गेले. डॉक्टर दवाखान्यात होता, एका पेशंटचं तोंड उघडं. मी दारातून म्हणाले, 'तुमची तुळई आतून कुजलेली आहे. मला विकताना माहीत होतं. मुलीला वर जाऊ देऊ नका.' पेशंटला काही बोलता येत नव्हतं, पण डोळे एवढे झाले. डॉक्टरनं हातमोजे काढले. मला वाटलं ओरडेल. तो अगदी हळू म्हणाला, 'तुम्ही चार दिवसांपूर्वी आमच्याकडे चहा प्यालात ना?'

मी म्हटलं, हो.

'मुलगी वर होती.'

हो, म्हटलं.

मग तो ओरडला. जे बोलला ते लिहीत नाही, तू माझ्याबद्दल मनात बोलला असशील त्यातलंच बरंचसं. त्याच दुपारी मी वखारीतून टेकू नेले, गवंडी आला, वरची जमीन लोखंडी खांबांवर तोलून धरली. मुलगी आजीकडे पाठवली. जाताना दारात मला बघून म्हणाली, 'तुम्ही माझी खोली तोडणार?' मी म्हटलं, दुरुस्त करणार. खोटं बोलायची इतकी सवय झालीय की खरं बोलले तरी खोटंच वाटतं.

तुळई उतरवायला आठवडा लागला. आज सकाळी ती त्यांच्या अंगणात आडवी पडली. डॉक्टर म्हणाला, 'माझ्यासमोर कापा. मला बघायचंय, माझं पोरगं कशावर नाचत होतं ते.'

तुझीच करवत नेली होती. गवंडी एका बाजूला, मी एका बाजूला. बरोबर मधोमध कापली.

आत लाल, घट्ट, कोरडं लाकूड होतं. कडेपासून कडेपर्यंत. वास असा सुटला की जणू काल झाड पडलंय. आणखी एक हात सरकून कापलं, तेच. मग मी हातोडी उलटी धरली आणि ठोकत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत टणटण, टणटण. शेजारचे गच्चीत आले.

भुकटी वरच्या फळ्यांच्या सांध्यांत सुतारानं भरलेल्या पुट्टीची होती. मुलगी उड्या मारायची, ती खाली गळायची. बस्स.

डॉक्टरची बायको म्हणाली, 'म्हणजे चांगली होती?' आणि खाली पायरीवर बसून रडायला लागली. डॉक्टर म्हणाला, 'बाई, तुम्ही वेड्या आहात की हरामखोर, एवढं सांगा.' मी दुसऱ्याच हिशोबात होते. टाकीकडची चांगली निघाली. मग दुसरी?

तशीच वखारीत आले आणि पॉलिशवाल्याला धरलं. तो आता म्हातारा झालाय, नीट ऐकू येत नाही.

'जुळी आठवते? घासताना मधे घोड्यांवरून उतरवली होतीस?'

'हो की. ऊन फिरलं, मेण वितळायला लागलं. सावलीत नेल्या, मग परत आणून ठेवल्या.'

'परत त्याच जागी?'

'दोन्ही सारख्याच होत्या की ताई. काय फरक पडतो?'

धाकट्या, ती तुझ्या डोक्यावर आहे. तुझ्या, तुझ्या बायकोच्या, पोरीच्या. दोन वर्षं.

तू ठोकून बघितली असशील असं मन म्हणतं. पण मीच सोबत चिठ्ठी पाठवली होती ना, 'मी पारखलेली आहे, डोळे मिटून चढव.' आपल्या घरात एकानं ठोकलेलं दुसरा परत ठोकत नाही. बाबांच्या वेळेपासून नाही.

दहा वेळा फोन लावला. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे आता मला मरणासारखं वाटतंय. पहाटे गाडी काढते. सहा टेकू, दोन हमाल, लोखंडी पट्ट्या. हे पत्र माझ्यामागून पोचेल, तरी लिहितेय, कारण पहाटेपर्यंत नुसतं बसवत नाही.

तिच्याखाली झोपू नका.

ताई


३ एप्रिल, तुझ्या ओट्यावर

धाकट्या,

पाच तासांत पोचले. तू बाहेरगावी कामावर, परवा येणार. तुझी बायको दारातच उभी राहिली, मागे गाडीतून टेकू उतरताना बघून म्हणाली, 'ताई, हे काय?' मी तिला बाजूला सारून आत गेले आणि वर बघितलं.

लोखंडी गर्डर. हिरवा रंग दिलेला.

'तुळई कुठाय?' मी विचारलं.

तिनं बोट दाखवलं. तुझी पोर भिंतीशी एका लाकडाच्या ठोकळ्यावर बसून चित्र काढत होती. तसाच एक ठोकळा दाराशी, दोन मागच्या ओट्यावर, एक मोरीपाशी पाय ठेवायला. सगळे बरोबर दोन हातांच्या आत. मधल्या दोघांच्या पोटात ताटलीएवढं भोक, कडेला काळा भुसा. त्यात पोरीनं खडू ठेवलेत.

मी ओट्यावर येऊन बसले. बसले ते तुळईच्या ठोकळ्यावरच बसले, हे नंतर कळलं.

तुझ्या बायकोनं पाणी दिलं आणि उभीच राहिली. म्हणाली, 'गाडीतून उतरवली त्याच दिवशी ठोकली त्यांनी. तुमची चिठ्ठी खिशात होती. ते म्हणाले, उगीच एकदा आवाज ऐकतो, वखारीची आठवण येते. मधे आल्यावर हातोडी थांबली. मग टोकाकडे गेले, कापलेलं टोक बघितलं. म्हणाले, मी फुली मारलेली तीच ताईनं मला पाठवली. फुली कापून.'

'आणि?'

'आणि काही नाही. दिवसभर करवत चालवली. जेवले नाहीत. तुमचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नाही.'

माझी पत्रं घड्याळामागे ओळीनं लावलेली दिसली. मार्चमधली तिन्ही, आणि त्याआधी नुसती भांडायला म्हणून मी लिहिलेली पाच-सहा. सगळी बंद. पण एकावरही धूळ नाही. 'फेकत नाहीत आणि उघडत नाहीत,' ती म्हणाली. 'मी पुसते.'

दोन वर्षं मी तुला गर्विष्ठ म्हणत होते. एका लाकडापायी रुसला, असं येईल त्याला सांगत होते. तू मात्र दोन वर्षं असं समजून जगलास की बहिणीनं, माहीत असून, तुझ्या लेकराच्या डोक्यावर मरण पाठवलं, वर चिठ्ठी लिहिली डोळे मिटून चढव म्हणून. आणि तू एकदाही येऊन माझ्या थोबाडीत मारली नाहीस. मारायला हवी होतीस रे. तिथेच सगळं उलगडलं असतं.

तुझ्या बायकोला मी म्हटलं, 'मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला चांगलीच पाठवायची होती.'

ती गरीब गाय नाही, बरं झालं तुला अशी मिळाली. तिनं विचारलं, 'मग फुली कशाला कापली होती, ताई? ही दुसऱ्या कुणाला द्यायची होती?'

मी हो म्हटलं.

ती आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. तो चहा आणून देईल की ओतून टाकेल, मला ठाऊक नाही. दोन्हीला मी हरकत घेणार नाही.

हे पत्र पाकिटात घालत नाही, कारण पाकिटं तू उघडत नाहीस. तुझ्या घड्याळापाशी उघडंच ठेवते, आणि वर निघताना टेबलाखालून काढून आणलेली चकती ठेवते, फुली वर करून. लाल आहे अजून. तुझ्या हातची फुली तू ओळखशील आणि खाली काय आहे ते बघशील, एवढाच माझा डाव. दाराजवळच्या ठोकळ्याला लावून बघितली, वर्षांची वलयं एकमेकांना जुळतात. पण त्यानं काय सिद्ध होतं? तुला आलेली तुळई कुजकीच होती, एवढंच. ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला माहीत नव्हतं, हे कुठलंच लाकूड सांगू शकत नाही.

ते सांगू शकणारा माणूस एकच आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मी त्याला कुजकी म्हणून काय विकलं, कुठल्या दिवशी जाऊन काय कबूल केलं, त्याच्या मुलीच्या खोलीखाली बसून किती बिस्किटं खाल्ली, सगळं त्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे जा. दाताचा डॉक्टर कुठे म्हणून विचारलंस तर कुणीही घर दाखवेल. तो माझ्याबद्दल एक शब्द चांगला बोलणार नाही.

ते सगळं खरं मान.

ताई